नळीतली दारू, पोटातली दारू

"रात्री दहाला शेवटचा घोट घेतला, पहाटे चारला माळ्यावर चढलो. सहा तास झाले, कधीच उतरली." रावेर-यावलच्या केळीत आणि शिरपूर-शहाद्याच्या मक्यात रानडुकरांपासून पीक राखायला माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, बसणाऱ्यांच्या तोंडी असं वाक्य सहज येतं. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच उतरल्यासारखं वाटतं. हातात काठी असेल तर या समजाने फारसं बिघडत नाही. पण हातात पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर बंदूक असेल, तर "उतरली" या शब्दाचा हिशेब नीट मांडायला हवा.

तो मांडायची रीत स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्येच देऊन ठेवली आहे. १८० मिलीची क्वार्टर घ्या. लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे आत ७७ मिली निव्वळ अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, दर मिलीला ०.७९ ग्रॅम, म्हणून वजन भरतं सुमारे ६१ ग्रॅम. ते चरबीत फारसं शिरत नाही, शरीरातल्या पाण्यात पसरतं. ६० किलोच्या पुरुषात त्याला पसरायला साधारण ४१ किलोइतकीच जागा मिळते. भागाकार केला की दर १०० मिली रक्तात सुमारे १५० मिलिग्रॅम येतं. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. कोणाचं थोडं कमी, कोणाचं थोडं जास्त, पण लिंबू, ताक, काळा चहा, गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. सहा तासांत ९० गेले, ६० उरले. मोटारसायकल चालवायची कायदेशीर मर्यादा ३० आहे. म्हणजे पहाटे चारला हा माणूस गाडी चालवण्याच्या मर्यादेच्या दुप्पट दारू अंगात घेऊन भरलेली बंदूक सांभाळतो आहे. रक्त पूर्ण कोरं व्हायला सकाळचे आठ वाजतील. आणि हे झालं लेबल असलेल्या बाटलीचं. मोहाची पहिल्या धारेची असेल तर टक्का कोणालाच ठाऊक नसतो, मग हिशेबाची पहिली ओळसुद्धा लिहिता येत नाही.

पण रक्तातली दारू संपली म्हणजे दारूचा परिणाम संपला, असंही नाही. त्याचं कारण कानात आहे. शरीरातल्या सगळ्यात सुंदर यंत्रणांपैकी ही एक, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

आतल्या कानात एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत पातळ द्रव भरलेला असतो. प्रत्येक नळीच्या एका फुगीर भागात जेलीसारखा मऊ पडदा आडवा बसवलेला असतो, त्याला क्युप्युला म्हणतात. आपण मान वळवली की नळी वळते, आतला द्रव मात्र जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि पडद्याला ढकलतो. पडद्याच्या मुळाशी असलेल्या केसपेशी वाकतात, मेंदूला कळतं की डोकं वळलं, आणि मेंदू तत्काळ डोळे तेवढेच उलट दिशेला फिरवतो. त्यामुळे चालतानाही समोरचं झाड हलत नाही. यातली मुख्य खुबी अशी, की पडदा आणि द्रव यांची घनता जवळपास सारखी असते. पाण्यात पाण्याचीच पिशवी सोडावी तसा तो पडदा तरंगतही नाही नि बुडतही नाही. म्हणून त्याला फक्त वळणं कळतं. नुसतं एका कुशीवर पडून राहिलं तर तो गप्प असतो.

आता यात दारू ओता. रक्तवाहिन्या पडद्याजवळ आहेत, म्हणून अल्कोहोल आधी पडद्यात शिरतं आणि द्रवात उशिरा पोहोचतं. पडदा द्रवापेक्षा हलका होतो आणि डोकं कलतं केलं की तरंगून वर ढकलला जातो. केसपेशी वाकतात. डोकं स्थिर असतं, पण मेंदूला बातमी जाते "वळतो आहोत". मेंदू डोळे सरकवतो, चूक लक्षात आली की झटक्याने परत आणतो, पुन्हा सरकवतो. खाटेवर पडल्यावर छप्पर गरगरतं ते यामुळे. हा पहिला टप्पा पिण्यास सुरुवात केल्यापासून साधारण अर्ध्या तासात सुरू होतो आणि तीन-चार तास टिकतो. या टप्प्यात उजव्या कुशीवर असाल तर डोळ्यांचे झटके उजवीकडे बसतात.

मग अल्कोहोल द्रवातही पोहोचतं, दोघांची घनता पुन्हा सारखी होते आणि गरगर थांबते. "उतरली" असं वाटतं ते बहुधा याच वेळी. उतरलेलं काहीच नसतं, दोन्ही बाजू सारख्याच भिजलेल्या असतात. पुढे रक्तातली दारू कमी होऊ लागली की पडदा आधी कोरा होतो, द्रव मागे राहतो. आता पडदा द्रवापेक्षा जड. पुन्हा गरगर, पण उलट दिशेची. हा दुसरा टप्पा पिणं संपल्यावर पाच ते दहा तासांनी येतो आणि रक्त कोरं झाल्यावरही काही तास रेंगाळतो. सकाळी "उतारा" म्हणून घोटभर घेतली की बरं का वाटतं, त्याचं एक कारण इथेच आहे. पडदा पुन्हा हलका होऊन तोल तात्पुरता जुळतो.

हे सगळं घनतेमुळेच घडतं याचा पुरावा मोठा देखणा आहे. १९७४ मध्ये मनी आणि मायल्स या शास्त्रज्ञांनी माणसांना जड पाणी प्यायला दिलं. ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे दहा टक्के घन असतं आणि त्याने नशा येत नाही. तरीही डोळ्यांना झटके बसू लागले, फक्त दिशा दारूच्या उलट. जड पाणी आणि अल्कोहोल योग्य प्रमाणात मिसळून दिलं, तेव्हा झटके जवळपास नाहीसे झाले.

आता माळ्यावरचा माणूस पाहा. गोधडीत एका कुशीवर पडलेला, मक्यात खसखस झाली, दचकून उठला, बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवला, डोकं कललं. बंदुकीच्या नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी आणि पलीकडची काळी आकृती एका रेषेत आणायची आणि डोळे मात्र स्वतःहून सरकताहेत. त्यातच हलत्या वस्तूमागे डोळा अलगद फिरवण्याचं लहान मेंदूचं कसबही दारूने मंदावलेलं. "डुक्कर सरकलं" असं दिसतं तेव्हा कधी कधी डुक्कर नव्हे, डोळा सरकलेला असतो.

रात्री शेतात वाट चुकली, ओळखीचा बांध सापडेना, की आपल्याकडे चकवा लागला म्हणतात. चुकीचा बार लागल्यावरही हाच शब्द पुढे केला गेला तर ते मला मान्य नाही. चकव्याच्या नावावर खपवलं की रात्री कोण किती प्यायलं, हे कोणी विचारत नाही.

"घोटभर घेतली की हात थरथरत नाही" या समजात थोडं तथ्य आहे. थोड्या दारूने कंप खरंच कमी होऊ शकतो. नेमबाजीच्या स्पर्धांत बीटा-ब्लॉकर या हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या औषधांना बंदी आहे, ती त्यांनी हात स्थिर राहतो म्हणूनच. पण तीच दारू कपाळामागच्या मेंदूलाही सुस्त करते. "थांब, आधी बघ" म्हणणारा भाग तोच. हात स्थिर आणि थांबवणारा झोपलेला, ही जोडी थरथरत्या हातापेक्षा वाईट. थंडीचं म्हणाल, तर धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि ऊब वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निघून जात असते.

बॅटरीच्या उजेडाचाही एक फसवा नियम लोक पाळतात: डोळे चमकले की जनावर. गाय, म्हैस, कुत्रा, कोल्हा, रोही (नीलगाय) यांच्या डोळ्यांत पडद्यामागे चकाकणारा थर असतो, म्हणून ते लखलखतात. माणसाला तो थर नाही. आणि ज्याच्यासाठी ही सारी राखण, त्या रानडुकरालाही नाही! म्हणजे हरभऱ्यात वाकून बसलेला माणूस आणि रानडुक्कर, दोघेही बॅटरीत न चमकणारे काळे ढीग. जे चमकतं ते बहुधा शेजाऱ्याचं वासरू. पूर्ण आकृती, डोकं आणि पाय दिसल्याशिवाय आणि हाक मारून उत्तराची वाट पाहिल्याशिवाय नळी उचलूच नये. एसजी या जाड छर्ऱ्यांच्या काडतुसातला छर्रा सुमारे साडेआठ मिलिमीटरचा. मोठ्या कोनात उडाला तर तो सुमारे साडेसहाशे मीटर जाऊ शकतो. मक्याचं ताट त्याला अडवत नाही आणि पलीकडच्या शेतातही कोणी राखणीला असतोच.

आता बोट. चाप ओढायला साधारण दोन-अडीच किलोचा जोर लागतो. पाय घसरला, दचकलो किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट धरलं, की बंदुकीचा हात नकळत आवळला जातो आणि हा जोर त्याहून जास्त भरू शकतो. प्यायलेला माणूस जास्त घसरतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणून बोट चापावर नको, चापाच्या कडीबाहेर सरळ हवं. सेफ्टीवर भिस्त ठेवणंही चुकीचं. बऱ्याच दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा अडवत नाही. घोडा अडकवून ठेवणारी खाच झिजलेली बंदूक दगडावर पडली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो.

माळ्यावर चढताना बंदूक मोडून उघडायची, काडतुसं काढून खिशात ठेवायची, काडतुसाच्या घरात बोट घालून रिकामं असल्याची खात्री करायची. बंदूक दोरीला नळीचं तोंड खाली येईल अशी बांधून आपण आधी वर जायचं आणि मग ती ओढून घ्यायची. उतरताना हेच उलट क्रमाने. बांध, तारेचं कुंपण, नाला, ट्रॅक्टर, सगळीकडे बंदूक रिकामी. भरण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसलाच पाहिजे. पावसाळ्यानंतर कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते आणि तेवढ्या अडथळ्याने नळी फाटू शकते. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये घातलं तर ते पुढे सरकून नळीत अडकतं. मागून बारा बोअरचं भरून बार काढला की हाताची बोटं जातात. अंधारात, घेतलेल्या अवस्थेत हीच चूक होते, म्हणून दोन्ही मापांची काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नयेत. बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

दारू किती तास आधी बंद करायची? आपल्याकडे वैमानिकाला उड्डाणाआधी १२ तास मनाई आहे. कानातला दुसरा टप्पा लक्षात घेता बंदुकीसाठी मी २४ तास म्हणेन. ज्या घरात रोज घेणारा कोणी आहे, तिथे काडतुसांच्या पेटीची किल्ली न घेणाऱ्याकडेच असावी.

कायद्याचंही थोडं. हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने बंद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते, नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ मध्ये अपघाताला माफी आहे, पण कृत्य कायदेशीर, रीत कायदेशीर आणि योग्य काळजी घेतलेली असेल तरच. विनापरवानगी शिकारीत माणूस गेला तर या कलमाचा आडोसा मिळत नाही. स्वखुशीने प्यायलेली दारू तर बचाव होतच नाही.

छर्रा लागलाच, तर स्वच्छ कापडाने जखम जोरात दाबून धरा, छर्रे उकरून काढू नका, १०८ ला फोन लावा आणि छर्रा लागल्याची वेळ लिहून ठेवा. वेदना कमी व्हावी म्हणून जखमीला घोट पाजण्याची चाल असेल तर ती मोडा. दारूने रक्तवाहिन्या फुलतात, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि भूल देणाऱ्या डॉक्टरचं काम अवघड होतं. ज्याने बार काढला त्यालाही गाडी चालवायला बसवू नका.