जुन्या लॅपटॉपच्या कडेची खाच

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप असणं यात आता नवल राहिलेलं नाही. मुंबईत ज्याला कोणी विचारत नाही, तो रत्नागिरीत किंवा कणकवलीत दुकानाचे हिशेब, आंब्याच्या पेट्यांची नोंद, भावकीच्या कागदांचे स्कॅन अशा कामांना वर्षानुवर्षं पुरतो. पण त्याला यूएसबीचं जास्तीचं पोर्ट किंवा वाय-फाय द्यायची वेळ आली की कडेच्या अरुंद खाचेकडे, म्हणजे पीसी कार्डच्या खाचेकडे, लक्ष जातं. कार्ड आत जातं, दिवा लागतो किंवा लागतही नाही, आणि पुढे काही घडत नाही. दोष कार्डाच्या माथी मारला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा तो १९९०च्या सुमाराला ठरलेल्या एका रचनेचा असतो.

ही खाच मुळात मोडेमसाठी किंवा वाय-फायसाठी नव्हतीच. वेगवेगळ्या कंपन्यांची मेमरी कार्डं एकमेकांच्या यंत्रांत चालावीत म्हणून १९८९मध्ये अमेरिकेत पीसीएमसीआयए ही संघटना उभी राहिली. जपानमध्ये जेइडा ही संस्था त्याच खटपटीत होती. १९९०च्या पहिल्या मानकात ६८ पिनांचा जोड ठरला, तो फक्त मेमरीसाठी. वर्षभरात दुसरी आवृत्ती आली, तिने मोडेम आणि नेटवर्क कार्डांना दार उघडलं आणि तिथून कटकट सुरू झाली.

मेमरी कार्डाला पत्ते मिळाले की त्याचं भागतं. मोडेमला मात्र स्वतःचे पोर्ट (प्रोसेसरशी बोलायचे क्रमांक, यूएसबीचं भोक नव्हे) लागतात आणि ‘माझ्याकडे माहिती आली आहे’ हे प्रोसेसरला कळवायला एक आयआरक्यू, म्हणजे हाक मारायची वाट, लागतो. पीसीत असे आयआरक्यू १६. घड्याळ, कीबोर्ड, सीरियल पोर्ट, फ्लॉपी, माऊस, हार्ड डिस्क यांनी त्यातले बरेचसे आधीच धरलेले. खाचेची १६ बिटी जोडणी जुन्या आयएसए बसच्या (संगणकाच्या भागांना जोडणाऱ्या सामाईक वाटेच्या) वळणाची, आणि त्या बसमध्ये कोणती जागा कोणाकडे आहे हे विचारायची सोयच नव्हती. कोकणातल्या सामाईक जमिनीसारखा प्रकार: वहिवाट सगळ्यांची, मोजणी कधीच झालेली नाही.

खरं तर कार्ड स्वतःबद्दल सगळं सांगायला तयार असतं. मी कोण, मला कोणते पोर्ट चालतील, व्होल्टेज किती, हे त्याच्या आतच नोंदलेलं असतं. पण ती नोंद वाचायलाही संगणकाला मेमरीत एक छोटी खिडकी उघडावी लागते. डॉस या जुन्या प्रणालीच्या काळात ही खिडकी ६४० केबी आणि १ एमबीच्या मधल्या पट्ट्यात असायची, आणि त्याच पट्ट्यावर ईएमएम३८६ सारखे मेमरी वाटणारे कार्यक्रम डोळा ठेवून असत. म्हणून कॉन्फिग डॉट एसवायएस फाइलमध्ये ‘एवढा भाग सोडा’ असं हाताने लिहून द्यावं लागे. विंडोज ९५ने प्लग अँड प्ले, म्हणजे कार्ड लावलं की आपोआप जुळणी, आणून यातलं बरंचसं ओझं उचललं. बरंचसं, सगळं नव्हे.

लिनक्स या मोफत प्रणालीवर हे काम डेव्हिड हाइंड्स यांच्या पीसीएमसीआयए-सीएस या संचाने केलं. त्यातला कार्डमॅनेजर हा कार्यक्रम चक्क आवाजाने बोलायचा. कार्ड ओळखलं की एक बीप, मग जुळणी झाली तर तसाच उंच दुसरा, फसली तर खालच्या सुरातला. इतका प्रामाणिक निरोप आजची यंत्रंही देत नाहीत. पण मोकळी जागा शोधताना हा कार्यक्रम पोर्ट चाचपून बघायचा, आणि काही लॅपटॉप त्या चाचपणीनेच गोठायचे. उपाय एकच होता. कॉन्फिग डॉट ऑप्ट्स या फाइलमध्ये कोणते पट्टे तपासायचे आणि कोणते आयआरक्यू वगळायचे ते लिहायचं. जुन्या सूचनांमध्ये दिसणाऱ्या त्या गूढ ओळींचं मूळ हे. २००५मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.१३ आवृत्तीपासून कार्डमॅनेजरची जागा पीसीएमसीआयए-युटिल्सने घेतली. त्यामुळे त्याआधीच्या सूचना जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

१९९५च्या कार्डबस या नव्या प्रकाराने खाचेचा पाया बदलला. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, वळण आयएसएनंतरच्या पीसीआय बसचं, त्यामुळे आयआरक्यू वाटून घेता येऊ लागले. कार्डबसच्या कार्डावर जोडाच्या बाजूला सोनेरी पट्टी असते. ते १६ बिटी खाचेत बसू नये अशी योजना आहे, तेव्हा जोर लावू नये. इथे अडचण बायोसकडे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ कार्यक्रमाकडे, सरकली. काही बायोस खाचेमागच्या बसला क्रमांकच नीट देत नाहीत, तेव्हा लिनक्सला सुरू होतानाच ‘बस क्रमांक तूच वाट’ असा पर्याय द्यावा लागतो. काहींमध्ये खाच १६ बिटी ठेवायची की कार्डबस, ही निवड बायोसच्या पडद्यावरच असते. ती आधी बघावी.

२००३चं एक्स्प्रेसकार्ड दिसायला भावंड, पण जुन्या कार्डाशी त्याचं जमत नाही. आत पीसीआय एक्स्प्रेस आणि यूएसबी. यूएसबी पोर्टच सर्वत्र झाल्यावर खाचेचं महत्त्व संपलं आणि २००९मध्ये पीसीएमसीआयए ही संघटनाही विसर्जित झाली.

किनाऱ्यावर आणखी एक भानगड असते. पिना कार्डात नसून खाचेच्या आत, तळाशी असतात, आणि खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस त्यांना सोडत नाही. आयआरक्यूंशी झटण्याआधी टॉर्च मारून आत बघावं. हिरवट थर किंवा वाकलेली पिन दिसली तर सेटिंग बदलून उपयोग नाही.

आज असं कार्ड लावायचंच असेल तर कार्डबसचं यूएसबी २.० कार्ड घेणं शहाणपणाचं. यूएसबी १.१च्या १२ मेगाबिटवर फोटो उतरवणाऱ्याला ४८० मेगाबिट फार वाटतात, भले ते पूर्ण मिळत नाहीत. जुनी १६ बिटी वाय-फाय कार्डं मात्र टाळावीत. त्यातली बरीचशी ११ मेगाबिटची, डब्ल्यूईपी या जुन्या वाय-फाय सुरक्षेपुरती, त्यामुळे डब्ल्यूपीए२ ही नंतरची सुरक्षा मागणाऱ्या आजच्या राउटरशी ती बोलत नाहीत. शिवाय लिनक्स कर्नलमधून त्यांचे ड्रायव्हर गेल्या काही वर्षांत एकेक करून काढले जात आहेत.