डेंग यापिंग

डेंग यापिंग : (६ फेब्रुवारी १९७३). चीनच्या टेबल टेनिसपटू. जन्म हनान प्रांतातील चंगचौ येथे. वडील याच खेळातले खेळाडू व प्रशिक्षक असल्याने पाचव्या वर्षीच हाती बॅट आली. उंची मात्र जेमतेम १५० सेंमी. त्यामुळे प्रांतिक संघाने त्यांना नाकारले आणि त्या चंगचौच्या शहर संघातून खेळू लागल्या. तेराव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत चमकल्यावरही राष्ट्रीय संघात घ्यावे की नाही, यावर खल झाला. १९८८ मध्ये निवड झाली, त्यात प्रशिक्षक चांग श्येलिन यांचा आग्रह मोलाचा ठरला.

हात आखूड असल्याने टेबलापासून मागे सरकून खेळणे त्यांना परवडणारे नव्हते. त्या टेबलाला चिकटून उभ्या राहत आणि चेंडू उसळताच मारत. फोरहँडला साधे रबर, बॅकहँडला लांब पिंपल्सचे, म्हणजे पृष्ठभागावर लांब उभार असलेले. असे रबर चेंडूला पकड देत नाही; प्रतिस्पर्ध्याने दिलेली फिरकी त्याच्याकडेच उलटून जाते, म्हणजे टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी) मारला की परत येणारा चेंडू खाली बसतो. मनिका बत्रामुळे भारतीय प्रेक्षकांना हा प्रकार परिचित आहे. हे रबर एरवी बचावाचे हत्यार समजले जाई. डेंग यांनी त्याच्या आडून हल्ला चढवला, हे त्यांचे खरे वेगळेपण.

१९८९ मध्ये डॉर्टमुंडच्या जागतिक स्पर्धेत छ्याव हुंग यांच्यासह त्यांनी दुहेरीचे सुवर्ण घेतले. एकेरीचे जागतिक विजेतेपद १९९१ (चिबा), १९९५ (त्यानचिन) आणि १९९७ (मँचेस्टर) असे तीनदा मिळाले. दुहेरी व सांघिक धरून जागतिक सुवर्णपदके नऊ. मधली दोन वर्षे खडतर गेली. १९९३ मध्ये गोथेनबर्गला सिंगापूरच्या चिंग चुनहुंग यांनी त्यांना सुरुवातीच्याच फेरीत हरवले. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत अंतिम फेरी जिंकली ती कोयामा चिरे यांनी. याच पूर्वीच्या चिनी जगज्जेत्या ह चर्ली, तेव्हा जपानकडून खेळणाऱ्या. चीनमध्ये हा पराभव फार लागला.

ऑलिंपिकमध्ये त्यांनी चार सुवर्णपदके मिळवली. १९९२ ला बार्सिलोनात एकेरीच्या अंतिम फेरीत समोर दुहेरीची जोडीदारीणच, छ्याव हुंग, होत्या. १९९६ ला अटलांटात चिनी तैपेईच्या (तैवान) छन चिंग यांच्याविरुद्ध पहिले दोन डाव जिंकून डेंग यांनी पुढचे दोन गमावले. पाचवा मात्र २१-५ असा घेतला. इतक्या अटीतटीच्या सामन्याचा निर्णायक डाव इतका एकतर्फी होणे विरळाच. दोन्ही वेळा दुहेरीतही छ्याव हुंग यांच्यासह त्याच विजेत्या ठरल्या.

१९९७ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली. इंग्रजी जवळजवळ येत नसताना छिंगह्वा विद्यापीठात त्याच भाषेची पदवी, पुढे नॉटिंगहॅममध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि २००८ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. असा अभ्यास त्यांनी केला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर त्या होत्या. नंतर ‘पीपल्स डेली’ या चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या सर्च इंजिनची सूत्रे त्यांच्याकडे आली, पण ते बाजारात रुजले नाही.