शिकागोचा कल आणि छावणीतलं सोयाबीन

ऑक्टोबरात इंदूरच्या छावणी मंडीत सोयाबीनच्या ट्रॉल्या लागतात, तेव्हा अमेरिकेतही काढणी चालू असते. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले की शिकागोच्या एक्स्चेंजवर वायद्यांचं, म्हणजे आज ठरलेल्या भावात पुढच्या तारखेला माल घेण्या-देण्याच्या करारांचं, दिवसाचं सत्र उघडतं. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याची लागेपर्यंत तिथला कल व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर आलेला असतो. म्हणून ‘भाव शिकागो ठरवतं’ असं सर्रास म्हणतात. एक्स्चेंज मात्र भाव ठरवत नाही. खरेदीच्या आणि विक्रीच्या बोल्या संगणक ओळीने लावतो. सर्वांत चढा घेणारा आणि सर्वांत स्वस्त विकणारा जिथे जुळले, तो त्या क्षणाचा भाव. दोन बोल्या सारख्याच असल्या तर साधारणपणे आधी आलेलीचा सौदा आधी.

खरी करामत त्यानंतरची. घेणारा-विकणारा एकमेकांना ओळखत नाहीत, तरी लाखोंचे सौदे होतात ते कशाच्या भरवशावर? सौदा जुळताच दोघांच्या मध्ये क्लिअरिंग हाऊस, म्हणजे सौदा पुरा होण्याची हमी घेणारी संस्था, उभं राहतं. विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तेच, घेणाऱ्याचा विक्रेताही तेच.

समजा, 4,500 रुपये क्विंटलने 100 क्विंटल सोयाबीनचा वायदा झाला. सौदा साडेचार लाखांचा, पण दोघांनी दहा टक्के मार्जिन (हमीची अनामत), म्हणजे 45,000 रुपयेच भरले. दुसऱ्या दिवशी भाव 4,400 वर उतरला. मुदत संपायला दोन महिने असोत, घेणाऱ्याच्या खात्यातून 10,000 रुपये लगेच वळते होऊन विकणाऱ्याच्या खात्यात पडतात. मार्जिन कमी पडलं आणि त्याने भरलं नाही, तर बाजारात उलटा सौदा करून त्याचा सौदा कापून टाकतात. उधारी एका दिवसाहून जुनी होऊ द्यायची नाही. सगळी मदार यावर.

ही मदार कधीकधी डळमळते. 8 मार्च 2022 ला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलचा भाव काही तासांत दुपटीवर जाऊन टनाला एक लाख डॉलरच्या पुढे गेला. आधी स्वस्तात विकून बसलेल्यांकडे या चढ्या भावाने मार्जिन मागितलं असतं तर एक्स्चेंजचे कित्येक सभासद बुडाले असते. एक्स्चेंजने त्या दिवसाचे सौदेच रद्द केले. चढ्या भावात विकणाऱ्यांचा नफा पुसला गेला. पुढे इंग्लंडच्या न्यायालयात एक्स्चेंजची बाजू टिकली, पण मला विचाराल तर बाजाराची पत कायद्याने सावरत नाही.

चलनाचा बाजार तर निराळाच. डॉलर, युरो, येन यांचे बहुतेक सौदे कुठल्याच एक्स्चेंजवर होत नाहीत; बँका आपसात करतात. एप्रिल 2022 मध्ये ही उलाढाल दिवसाला सरासरी 7.5 लाख कोटी डॉलर होती. इथला धोका घड्याळाचा: एक चलन आधी हाती पडतं, दुसरं काही तासांनी. 26 जून 1974 ला जर्मनीतल्या हर्स्टाट बँकेला टाळं लागलं. तिने मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) घेतले होते, बदल्यात द्यायचे डॉलर न्यूयॉर्कमध्ये अजून दिले नव्हते. समोरच्या बँका हात चोळत बसल्या. दोन्ही चलनं एकदमच हातावेगळी करणारी सीएलएस नावाची व्यवस्था उभी राहायला 2002 उजाडलं. शेअर बाजारांनीही हीच फट कमी करत आणली आहे. सौद्याच्या दुसऱ्याच दिवशी पैसे आणि शेअर हातात, हे भारतात जानेवारी 2023 पासून पूर्णपणे लागू झालं. अमेरिकेने ते मे 2024 मध्ये केलं.

आता माळव्याची अडचण. आपल्याकडचे सोयाबीनचे आणि सोयातेलाचे वायदे महागाईच्या धास्तीने सेबी या बाजार नियामकाने डिसेंबर 2021 मध्ये थांबवले आणि बंदीची मुदत वाढवत नेली. मग भावाच्या चढउतारापासून बचावासाठी तेलगाळपवाल्यांनी शिकागोकडे पाहावं, तर तिथला भाव सेंटमध्ये, माप बुशेलचं (27 किलोंहून जरा जास्त), आणि माल बहुतांशी जनुक बदललेल्या बियाण्याचा. शिवाय मधे रुपया-डॉलर आणि आपलं आयातशुल्क. शिकागोच्या वायद्यात अमेरिकेच्या आयोवा राज्यातला दुष्काळ लगेच उमटतो. ऐन काढणीत देवास-उज्जैनकडे पाऊस कोसळून शेंगा काळ्या पडल्या, तर त्याची तिथे कुणी दखलही घेत नाही.