विज्ञान-साहसपटांचे रंजन

अवकाशयाने, यंत्रमानव, परग्रहवासी, काळप्रवास अशा कल्पित विषयांवरील मारधाडीचे, प्रचंड खर्चाचे चित्रपट निव्वळ विरंगुळा म्हणून पाहण्याची प्रथा. अशा चित्रपटांकडून विज्ञानकथेची तर्कशिस्त अपेक्षित नसल्याने ‘विज्ञानपट’ या रूढ संज्ञेपेक्षा ‘विज्ञान-साहसपट’ ही संज्ञा येथे स्वीकारली आहे.

या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक झॉर्झ मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९०२ मधील चंद्रप्रवासपटापर्यंत मागे जातात, तर काही ‘स्टार वॉर्स’ (१९७७) हाच खरा आरंभ मानतात. दुसऱ्या मताला तांत्रिक आधार आहे. या चित्रपटासाठी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने यानाच्या लहानशा प्रतिकृतीसमोर कॅमेराच यंत्राच्या साहाय्याने फिरविला. तीच हालचाल हुबेहूब पुन्हा करता येत असल्याने यान, त्याचे दिवे आणि तारकांची पार्श्वभूमी निरनिराळी टिपून एकाच चौकटीत जुळविता आली. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) नंतर प्रतिकृतींची जागा बऱ्याच अंशी संगणकीय प्रतिमांनी घेतली. रंजनाच्या दृष्टीने मात्र पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण मेलिएस हा मुळात रंगमंचावरचा जादूगार होता आणि त्याचा प्रेक्षक चकित होण्यासाठीच येत असे.

या आस्वादाला उथळ अभिरुची म्हणणे अन्यायाचे आहे. सामान्यतः इ.स.पू. २०० ते इ.स. २०० या काळातले मानले जाणारे ‘नाट्यशास्त्र’ (नाट्यकलेवरील प्राचीन संस्कृत ग्रंथ) अद्भुत रसाची उत्पत्ती वीर रसापासून सांगते आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेला भाव, मानते. पराक्रम आणि नवल यांची हीच सांगड या चित्रपटांत दिसते. निर्वात पोकळीतून ध्वनी जात नाही हे शाळेत शिकलेल्या प्रेक्षकालाही यानाचा स्फोट कानठळ्या बसविणाराच हवा असतो, आणि त्यात त्याचे अज्ञान नसून रसिकता आहे.

गोव्यातील मराठी प्रेक्षकाला हे नवल परके नाही. पेडणे भागात आणि लगतच्या सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या दशावतारी नाटकांमुळे ‘ट्रिकसीन’ (युक्तीने घडविलेले चमत्कारदृश्य) हा शब्द तेथे घरोघरी ठाऊक आहे. मशालीवर राळ फेकताच भडका उठतो, धुरातून राक्षस प्रकटतो आणि पुढे बसलेली मुले क्षणभर मागे सरकून लगेच पुन्हा पुढे येतात. युक्ती कळलेली असूनही डोळे विस्फारतात, हा अनुभव चित्रगृहातल्या अनुभवाहून फारसा वेगळा नाही.

२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. त्यानिमित्त पणजीत जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बहुपडदा चित्रगृह उभे राहिले. महोत्सवाच्या दिवसांत जेथे जगभरचे गंभीर चित्रपट दाखविले जातात, तेथेच एरवी हे विज्ञान-साहसपट लागतात आणि नातवंडांसह आजी-आजोबाही ते पाहायला येतात.