स्वच्छता शिकवली म्हणजे पर्यावरण शिकवलं?

इंदूरच्या शाळांत पर्यावरण दिनाची चित्रं लागली की त्यांत कचरापेटी हमखास असते. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आणणाऱ्या शहरात हे साहजिक आहे, आणि त्या नंबराचा मला मनापासून अभिमान आहे. पण स्वच्छतेचं शिक्षण वेगळं आणि पर्यावरणाचं वेगळं. पहिलं झालं की दुसरंही उरकलं असं आपण धरून चालतो.

स्वच्छतेचं शिक्षण सवय लावतं. सकाळी नगर निगमची गाडी गाणं वाजवत दारात येते आणि ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा असा सहा भागांत वेगळा केलेला कचरा घेते. चुकलं तर तिथल्या तिथे टोकणारं कुणी असतं, रस्त्यावर टाकलं तर दंड बसतो. सोय, धाक आणि शेजाऱ्यांची नजर एकदम लागू झाली, म्हणून रामबागेतल्या आजींनाही हे जमलं. पुढची व्यवस्थाही खरी आहे: २०२२ मध्ये देवगुराडियाला सुरू झालेल्या प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी हे वायू-इंधन करण्याची क्षमता आहे.

पर्यावरण शिक्षणाला सवयीपुरतं थांबता येत नाही. १९७७ मध्ये तिबिलिसीला झालेल्या पर्यावरण शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याची उद्दिष्टं सांगितली ती जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग अशी. आपल्याकडे १९९१ मध्ये पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिकवण्याचे निर्देश दिले. पाठ्यपुस्तकं आली, प्रकल्पवह्या आल्या. ज्ञानाची सोय झाली. वृत्ती मात्र प्रश्नपत्रिकेत बसत नाही, म्हणून ती मागे पडली.

इंदूरच्याच सिरपूर तलावावर हा फरक डोळ्यांना दिसतो. मुलं ब्रेडचे तुकडे पाण्यात टाकतात, मासे उसळतात, सगळे खूश होतात. मग आई रिकाम्या पिशवीची घडी करून ती मुलाला कचरापेटीत टाकायला लावते. स्वच्छतेचा धडा तिने चोख पाळला. पण बुडालेला ब्रेड कुजतो, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतो आणि शेवाळाला खत पुरवतो. २०२२ पासून रामसर या महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत असलेल्या पाणथळ जागेचं हे नुकसान काठ झाडून भरून निघत नाही.

पानगळीचंही तसंच. पिंपळाची पानं झाडून गाडीत दिली की अंगण छान दिसतं; झाडाखालीच राहिली असती तर ओल धरली असती, गांडुळांचं खाणं झाली असती, माती झाली असती. तलावाच्या काठचा चिखल आणि लव्हाळा बघूनही आपल्याला ‘हे साफ का करत नाहीत’ असंच वाटतं. जांभळी पाणकोंबडी त्याच गचपणात घरटं करते आणि कमळपक्षी पाण्यावरच्या पानांवर अंडी घालतो. म्हणजे नुसती स्वच्छतेची ओढ कधी कधी निसर्गाच्या आड येते. मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

कचरा गाडीत गेला की आपल्यापुरता विषय मिटतो. मोरीतल्या पाण्याचा मिटत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून वाहणारी कान्ह नदी ते घेऊन पुढे उज्जैनजवळ शिप्रेला मिळते आणि शिप्रा चंबळेला. नळाला येणारी नर्मदा सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढवून आणलेली असते. बादली भरून वाहिली तर फरशी ओली झाली, एवढंच सवयीला दिसतं. ते पाणी कोणाच्या काठावरून आलं, हा प्रश्न पडायला वृत्ती लागते.

ती कशी घडते? संशोधक लुईझ चावला यांनी केंटकी आणि नॉर्वेतल्या पर्यावरण कार्यकर्त्यांना विचारलं होतं, तुम्ही या कामाकडे कसे वळलात. लहानपणी निसर्गात घालवलेला वेळ आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस, हे त्या उत्तरांत ठळकपणे आलं. धाकाने किंवा बक्षिसाने हे साधत नाही, आणि वर्षातून एका सहलीने तर नाहीच.

म्हणून शाळांनी एकाच वर्गाला दर महिन्याला सिरपूरच्या एकाच काठावर न्यावं. पाणी कुठवर आहे याची खूण करावी, दिसलेले पक्षी वहीत उतरवावेत. मे महिन्यात मागे सरलेलं पाणी आणि ऑगस्टमध्ये चढलेलं पाणी मुलांनी स्वतः मोजलं, की पाणलोटाचा धडा निम्मा तिथेच होतो. पक्षी ओळखणारं कुणी सोबत मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर वर्गातल्याच कुणाच्या आजोबांना बोलवावं.