इंदूरमध्ये आरटीईचा अर्ज: कागद नेमका कुठे अडतो

खासगी शाळेच्या प्रवेशवर्गातल्या 25 टक्के जागा शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम 12 खाली मोफत भरल्या जातात, आणि ही सवलत आठवीपर्यंत चालते. "लॉटरीत नंबर लागला नाही," असं पुष्कळ पालक सांगतात. चौकशी केली तर त्यांतल्या बऱ्याच जणांचा अर्ज लॉटरीपर्यंत पोचलेलाच नसतो. तो पडताळणीतच बाद झालेला असतो.

अर्ज राज्याच्या आरटीई पोर्टलवर भरायचा. सरकारी शुल्क काही नाही, कियोस्कवाला घेतो ते त्याच्या कामाचे.

पहिला घोळ पात्रतेचा. मध्य प्रदेशात दोनच वाटा आहेत. एक वंचित गट, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती, वनभूमीचे पट्टेधारक, दिव्यांग मूल वगैरे. दुसरी कमजोर वर्ग, आणि इथे कमजोर वर्ग म्हणजे बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब. ओबीसी असाल पण बीपीएल नसाल, तर अर्ज टिकत नाही. दहा टक्के आरक्षणासाठी काढलेलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र इथे चालत नाही. रेशनची पात्रता पर्ची दाखवूनही भागत नाही, कारण ती बीपीएल नसलेल्या इतर अनेक गटांनाही मिळते. बीपीएल यादीत नाव आहे का, हे अर्जाआधी समग्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणीच्या पोर्टलवर, बघून घ्या.

आता सर्वात अवघड कागद: जातीचा दाखला. तो मध्य प्रदेशातला, अनुविभागीय अधिकाऱ्यांनी दिलेला हवा. आपल्या मराठी घरांत आजोबांचा किंवा काकांचा महाराष्ट्रातला दाखला जपून ठेवलेला असतो. पडताळणीत तो परत केला जातो. इथला दाखला हवा तर कुटुंब अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 ला आणि जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 ला या प्रदेशात राहत होतं, हे दाखवावं लागतं. गिरणी कामगारांच्या नातवंडांकडून पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद मागायचा, हे अन्यायाचंच आहे, पण नियम तसा आहे. म्हणून शोध असा घ्या: आजोबा-पणजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, नगरपालिकेची जन्म-मृत्यू नोंद, मालवा मिल किंवा हुकुमचंद मिलमधलं नोकरीचं जुनं कार्ड, घराची किंवा जमिनीची नोंद. जवळच्या नात्यात कुणाला इथला दाखला आधीच मिळालेला असेल तर त्याची प्रत आणि नातं सिद्ध करणारी वंशावळ जोडा. काहीच नसेल तर लोकसेवा केंद्रातल्या अर्जासोबत शपथपत्र द्या आणि स्थानिक चौकशीची लेखी मागणी करा. तोंडी "होत नाही" ऐकून परतू नका. पावती घ्या, नकार आला तर तो लेखी मागा, कारण अपील लेखी नकारावर करता येतं.

कुटुंब 1950 नंतर महाराष्ट्रातून आलेलं असेल, तर मूळ राज्याच्या जातीचा लाभ इथे मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. अशा घरांना बीपीएलचीच वाट उरते. हे आधी कळलं तर एजंटाला दिले जाणारे पैसे तरी वाचतील.

दाखल्याला आठवडे जातात. आरटीईची जाहिरात आल्यावर धावपळ सुरू केली तर वेळ निघून जाते. दिवाळीनंतर लगेच कामाला लागा.

समग्रचं तेवढंच महत्त्वाचं. कुटुंबाचा आयडी आठ आकडी, मुलाचा नऊ आकडी. अर्जात मुलाचाच लागतो. आधारवर आई "सुनंदा" आणि समग्रमध्ये "सुनंदाबाई", किंवा एकीकडे माहेरचं आडनाव आणि दुसरीकडे सासरचं, एवढ्यावरही गाडी अडते. मुलाचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखला, आधार आणि समग्र या तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. दुरुस्ती नगर निगमाच्या झोन कार्यालयात होते.

शाळा निवडताना आपला वॉर्ड आधी बघा. जागा प्रथम त्याच वॉर्डातल्या मुलांना मिळतात, मग शेजारच्या वॉर्डांना. इंदूरच्या 85 वॉर्डांत पत्ता नेमका कुठे पडतो हे अंदाजाने ठरवू नका. घर बदललं असेल तर समग्रमधला पत्ताही बदला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या तरतुदीत येत नाहीत, त्या यादीत शोधू नका.

तारखा दोन असतात, आणि इथेच चांगले अर्ज मरतात. एक ऑनलाइन अर्जाची शेवटची, दुसरी मूळ कागद दाखवण्याची. पावती छापून घरी ठेवली म्हणजे काम झालं नाही. ती आणि मूळ कागद घेऊन नेमून दिलेल्या सरकारी शाळेतल्या सत्यापन केंद्रात जायचं, आणि तिथे पडताळणी झाल्याशिवाय अर्ज लॉटरीत जातच नाही. शेवटच्या दिवशी सर्व्हर अडतो, म्हणून दोन-तीन दिवस आधीच जा.

शाळा मिळाल्यावर वाटपपत्र काढून मुदतीत प्रवेश घ्या, नाहीतर जागा जाते. शाळेने मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी मागितली, तर कलम 13 प्रमाणे पहिल्या वेळी 25,000 आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. "जागा भरल्या" असं सांगून परत पाठवलं तर ते शाळेकडून लेखी घ्या. देत नसतील तर त्याच दिवशी जिल्हा शिक्षण केंद्रात अर्ज द्या आणि 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा.