एक पेन, चार डोकी आणि न संपणारी बेरीज

गणिताचा अभ्यास म्हणजे दार लावून, मान खाली घालून, एकट्यानं करायचं काम, असा समज आपल्याकडे पक्का असतो. चारजण एकत्र बसले की तिघं गप्पा मारणार आणि चौथ्याची वही हातोहात फिरणार, ही भीतीही अगदीच खोटी नाही. तरीही कॉलेजच्या कॅल्क्युलसपुरता हा समज किती अपुरा आहे, हे सत्तरच्या दशकात अमेरिकेत एकानं नीट तपासून दाखवलं.

त्याचं नाव युरी ट्रीसमन. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शाळेतून चांगले गुण घेऊन आलेली कृष्णवर्णीय मुलं पहिल्याच वर्षी कॅल्क्युलसमध्ये अडखळत होती; चिनी वंशाची मुलं मात्र सहज पुढे जात होती. प्राध्यापकांकडे कारणं तयार होती: पूर्वतयारी कच्ची, घरी वातावरण नाही, जिद्द कमी. ट्रीसमन यांनी दोन्ही गटांतले २०-२० विद्यार्थी अभ्यास कसा करतात हे जवळून पाहिलं आणि यातलं एकही कारण टिकलं नाही. २० पैकी १८ कृष्णवर्णीय विद्यार्थी नेमलेला अभ्यास इमानेइतबारे करत होते, पण एकटे. चिनी विद्यार्थी आधी स्वतः गणितं करत आणि मग संध्याकाळी एकत्र बसून उत्तरं ताडून पाहत. एकाचंच उत्तर वेगळं आलं तर चूक त्याची. सगळेच अडले तर गणितच अवघड. एकट्यानं अभ्यास करणाऱ्याला हा फरक कळायची सोयच नसते. तो प्रत्येक वेळी स्वतःलाच ‘ढ’ ठरवतो.

यातून निघालेल्या कार्यशाळा म्हणजे मागे पडलेल्यांसाठीचे जादा तास नव्हते. उलट तिथली गणितं वर्गातल्यापेक्षा अवघड असत. सगळी मेख इथेच आहे. सोपं गणित गटाला दिलं तर ते कुणीतरी एकटाच सोडवतो आणि बाकीचे उतरवून घेतात.

कॅल्क्युलसच्या पहिल्या सत्रातलं विकलन (डिफरन्सिएशन) बरंचसं यांत्रिक असतं: नियम लावा, उत्तर येतं. दुसऱ्या सत्रात संकलनाच्या (इंटिग्रेशनच्या) पद्धती येतात आणि कुठला नियम कुठे लावायचा हे कुणी सांगत नाही. साइन क्ष गुणिले कोसाइन क्ष याचं संकलन करायला सांगा. साइनला नवं चल मानणाऱ्याला साइन-वर्गाचा अर्धा मिळेल. कोसाइनला चल मानणारी उणे कोसाइन-वर्गाचा अर्धा आणेल. दुप्पट कोनाचं सूत्र आठवणारा उणे एक चतुर्थांश कोसाइन २क्ष लिहील. तीन जण, तीन उत्तरं आणि तिन्ही बरोबर, कारण त्यांच्यात फरक आहे तो फक्त एका स्थिरांकाचा. शेवटी ‘अधिक सी’ का लिहायचं हे दहा वेळा सांगून जे डोक्यात शिरत नाही, ते या पाच मिनिटांच्या भांडणात शिरतं.

पण कार्यशाळेचा खरा कस लागतो तो अनंत श्रेणींत, म्हणजे कधीच न संपणाऱ्या बेरजांत. एका कार्यपत्रिकेवरचा एकच प्रश्न घेऊ: १ + १/२ + १/३ + १/४ + … ही बेरीज कुठे थांबते का?

जवळपास प्रत्येकाचा पहिला अंदाज ‘थांबते’ असाच असतो. पदं लहान होत शून्याकडे चालली आहेत, म्हणजे बेरीज कुठेतरी स्थिरावणारच. इथे ‘चूक’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. पत्रिका पुढे सांगते: १, २, ४, ८ आणि १६ पदांच्या बेरजा काढा. गट कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. १, १.५, २.०८३, २.७१८, …

आठ पदांशी हमखास कुणीतरी ओरडतं, “अरे, हा तर ई!” बेरीज २.७१७९ आणि ई हा गणितातला प्रसिद्ध स्थिरांक २.७१८३, म्हणजे फसायला जागा आहेच. सूत्रधारानं, म्हणजे गटांवर लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकानं, इथे तोंड उघडायचं नाही. दुसरं कुणीतरी सोळा पदांचा आकडा वाचतं, ३.३८१, आणि ई आपोआप निकालात निघतो.

आता पत्रिका म्हणते, लागोपाठच्या दोन बेरजांमधले फरक लिहा. ०.५, ०.५८३, ०.६३५, ०.६६३. म्हणजे पदांची संख्या दुप्पट केली की बेरीज दरवेळी निदान अर्ध्यानं वाढते. का? पाचव्यापासून आठव्यापर्यंतची चार पदं घ्या. त्यांतलं सगळ्यात लहान पद १/८. मग चौघांची बेरीज ४ × १/८ पेक्षा, म्हणजे अर्ध्यापेक्षा, कमी असूच शकत नाही. पुढची आठ पदं निदान १/१६ एवढी, पुन्हा अर्धा. त्यापुढच्या सोळांत पुन्हा अर्धा. अर्धा-अर्धा कितीही वेळा मिळत राहिला तर बेरीज कुठे थांबणार? हा युक्तिवाद चौदाव्या शतकातले फ्रेंच विद्वान निकोल ओरेम यांचा. पण तो फळ्यावर वाचणं वेगळं आणि आपल्याच तक्त्यातून निघताना पाहणं वेगळं.

बेरीज वाढते ती मात्र गोगलगायीच्या चालीनं. १० चा आकडा ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. दहा लाख पदांनंतरही ती जेमतेम १४.३९ असते. म्हणून तर कॅल्क्युलेटर बडवून या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

त्या फरकांकडे पुन्हा पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. ते ०.६९३ च्या आसपास स्थिरावू लागतात. शेजारच्या गटाला दुसरी श्रेणी दिलेली असते, चिन्ह आलटून-पालटून: १ − १/२ + १/३ − १/४ + … त्यांच्या तक्त्यात दोन पदांनंतर ०.५, चार पदांनंतर ०.५८३, आठ पदांनंतर ०.६३५. अगदी तेच आकडे! योगायोग म्हणावा तर सोळा पदांनंतर ०.६६३ हाही जुळतो. कारण असं: आलटत्या श्रेणीची आठ पदं म्हणजे सगळ्या आठ अपूर्णांकांची बेरीज, वजा सम छेदांची बेरीज दोनदा. सम छेदांची बेरीज दुप्पट केली की १/२ चा १ होतो, १/४ चा १/२, १/६ चा १/३, १/८ चा १/४. म्हणजे वजा होतात ती नेमकी पहिली चार पदं; उरतात पाचवं ते आठवं. एक श्रेणी अनंताकडे पळते, दुसरी २ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमवर, ०.६९३१ वर, येऊन थांबते आणि दोघींचं हिशेबाचं पुस्तक एकच.

पत्रिकेचा शेवटचा प्रश्न जरा खोडसाळ असतो. याच आलटत्या श्रेणीची पदं तीच ठेवा, क्रम फक्त बदला: एक अधिक पद, मग दोन उणे. १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + … प्रत्येक अधिक पद त्याच्या लगेच नंतरच्या उणे पदाशी जोडलं की १/२ − १/४ + १/६ − १/८ + … उरतं, म्हणजे मूळ श्रेणीच्या बरोबर निम्मं. पद एकही गाळलं नाही, नवं घातलं नाही आणि बेरीज अर्धी! जी श्रेणी केवळ चिन्हांच्या काटाकाटीवर तगून असते आणि सगळी चिन्हं अधिक केली की अपसारी होते, म्हणजे कुठल्याच आकड्यावर स्थिरावत नाही, तिची पदं फिरवून हवी ती बेरीज आणता येते, हे एकोणिसाव्या शतकात जर्मन गणिती रीमान यांनी दाखवलं.

‘१ + २ + ३ + … = −१/१२’ असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ बघताना हे आठवावं. त्या आकड्यामागे ‘झीटा’ नावाच्या एका फलनाचं (फंक्शनचं) खरं, खोल गणित आहे. पण व्हिडिओत बहुधा अपसारी श्रेणी साध्या संख्यांसारख्या सरकवून एकमेकींतून वजा केलेल्या असतात. तो हातचलाखीचा खेळ झाला.

गट मोडतो कुठे, तेही पाहू. पाचजण झाले की एक प्रेक्षक होतो. दोघंच असले की दोघंही एकाच खड्ड्यात अडकतात. तीन किंवा चार ठीक. पत्रिका गटाला एकच द्यावी, पेनही एकच, आणि ते सगळ्यात कमी कळलेल्याच्या हाती. हुशार मुलगा मग बोलायला बांधला जातो आणि बोलता बोलता स्वतःचीच उडी मारलेली पायरी त्याला सापडते. सगळ्यात घातक म्हणजे वाटणी: “तू पहिलं कर, मी दुसरं करतो.” अशानं गणितं चार सुटतात, पण प्रत्येकाच्या डोक्यात एकच राहतं. सूत्रधारानं उत्तर सांगितलं की तास संपला असं समजावं, त्याच्याकडे दोनच वाक्यं हवीत, “कशावरून?” आणि “चार पदं लिहून बघा.” दहा मिनिटं गट गप्प बसला तरी चालेल. घरी एकट्यानं घातलेले तास मात्र सुटत नाहीत. कोऱ्या डोक्यानं आलेला गटाला ओझंच होतो.

आकडे मागणाऱ्यांसाठी: विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के नापास. विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. हे अभ्यास फक्त ट्रीसमन पद्धतीचे नव्हते. त्यांत गटकामाचे नाना प्रकार होते, तेव्हा सगळं श्रेय एकाच पद्धतीला देऊ नये.

वेळ उरला तर गटाला एक कोडं देता येतं. पहिल्या श्रेणीची बेरीज संगणकाला ३२-बिट ‘फ्लोट’ संख्यांत (अपूर्णांक साठवायचा संगणकाचा एक नेहमीचा प्रकार), पहिल्या पदापासून क्रमानं करायला लावा. सुमारे २१ लाख पदांनंतर आकडा १५.४ वर गोठतो आणि रात्रभर यंत्र चालू ठेवलं तरी हलत नाही. श्रेणी अपसारी आहे हे तर आत्ताच सिद्ध झालं. मग थांबलं कोण?